माणिककाकांचे बारा किलो

काचीगुड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चार माणसं मावतात, किंवा एकटे माणिककाका. ते आत शिरले की लिफ्ट आधी जरा खाली बसायची, विचारात पडायची आणि मग कुलदैवताचं नाव घेऊन कण्हत वर निघायची. ती तिसऱ्या मजल्यावर पोचली की वॉचमन मल्लेश खालून टाळ्या वाजवायचा. मी थोडं वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, तेव्हा हवं तर टाळ्या वगळा. लिफ्टचं कण्हणं मात्र खरं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, रोज ऐकलंय.

काका स्टेशनच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं होते. या छत्तीस वर्षांत त्यांनी एकच काम केलं, वजन करणं. आंब्याच्या पेट्या, मोटारसायकली, कापडाचे गठ्ठे, एकदा तर सर्कशीतलं एक म्हातारं माकड. पुढे पुढे काट्याची गरजच उरली नाही. हमालानं पेटी खांद्यावरून उतरवली की तिच्या आवाजावरून काका सांगायचे, "चोवीस किलो दोनशे. बिल्टीवर चोवीस लिहिलंय ना? वरून एक आंबा कोंबलाय." पेटी उघडावी तर सगळ्यात वर खरंच एक आंबा लाजून बसलेला.

निवृत्तीनंतर ही खोड लग्नाकार्यात निघायची. जामबागेतल्या एका लग्नात नवरीनं हार घालायला हात वर केले, सगळा मांडव शांत झाला आणि काकांचा आवाज आला, "दागिन्यांसकट एकसष्ट. दागिने काढले तर सत्तावन्न." वरपक्ष आजही आमच्याकडे बघून हसत नाही.

दुसरी खोड बिल्टीची. बिल्टी म्हणजे पार्सलची पावती, आणि पावतीशिवाय काकांचा देवावरही विश्वास नव्हता. कुणी म्हटलं अंगात ताप आहे, तर काका हात पुढे करायचे, "बिल्टी?" म्हणजे थर्मामीटर दाखव. माझ्या प्रत्येक गोष्टीनंतर ते हात पुढे करायचे. मी कधीच काही दाखवू शकलो नाही.

त्यांचे वडील नांदेडकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आले. तेव्हापासून या घरात बोलणं नांदेडच्या मराठीत, भाजी घेणं तेलुगूत आणि भांडण दखनीत. भांडणात काकू वरचढ. कुसुमकाकू काकांच्या निम्म्या वजनाच्या आणि दुप्पट धारेच्या. आपल्या लग्नाची गोष्ट त्या दर वर्षी नव्यानं सांगायच्या. "बघायला आले. पोहे खाल्ले. मी चहा घेऊन आले तर माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या वडलांना म्हणाले, सेहेचाळीस. वडलांना वाटलं, पोरीचं वय सांगतोय. उठून उभेच राहिले!"

"वजन बरोबर होतं की नव्हतं?" काका विचारायचे.

"पंचेचाळीस होतं. उरलेला चहाचा ट्रे."

आणि दोघं असे हसायचे की माझ्या छताचा चुना पडायचा.

त्या काकूंचं दुखणं पहिल्यांदा काकांनीच ओळखलं. एका सकाळी त्या पायऱ्या चढत होत्या आणि काका मागून थांबून बघत राहिले. "कुसुम," ते म्हणाले, "तू अडीच किलो वाढलीस. आणि हे अडीच किलो तुझे नाहीत." काकूंनी त्यांना झाडलं. पण संध्याकाळी पायात चप्पल जाईना. ते पाणी होतं. आठवड्याभरात कळलं, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात.

मग हिमायतनगरला आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. काकू आत चार तास, काका बाहेर बाकावर. बाकावर आणखी कुणाला बसता यायचं नाही, हा भाग वेगळा. लेक बंगळुरूहून धावत आली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. काकांचा जुळला. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठीक, साखर ठीक. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "काका, तुमची किडनी घेता येईल. पण शहाण्णव किलोच्या माणसावर मी कात्री चालवणार नाही. चौऱ्याऐंशीवर या."

बारा किलो. काका घरी आले ते जिना चढून आले. लिफ्टला त्या दिवशी पहिल्यांदा सुटी मिळाली. माझ्या दारात ते धापा टाकत थांबले. "सुधाकर, जन्मभर लोकांचा माल उतरवला. हा तर घरचाच आहे."

दवाखान्यात आहार सांगणारी एक मुलगी होती, श्रावणी. एवढीशी, काकांच्या चपलेत झोपेल अशी. तिनं कागदावर एक गोल काढला. मी काकांना स्कूटरवर घेऊन गेलो होतो, म्हणून हा गोल मी डोळ्यांनी पाहिला. (स्कूटरचं पुढे काय झालं ते विचारू नका.)

"अंकल, आप सोते ना, तब भी जलता. दिल चल रा, साँस चल रा, उसमेंच सत्रह सौ कॅलरी जाता रोज."

काका खुर्चीत ताठ झाले. "काही न करता सतराशे? आणि आमचे साहेब छत्तीस वर्षं म्हणत होते, हा माणूस काही करत नाही!"

मग तिनं सतराशेच्या गोलाभोवती मोठा गोल काढला. उठणं, बसणं, अंघोळ, चालणं धरून दिवसाचे बावीसशे. "आप सोलह सौ खाना. रोज छे सौ का फरक. बदन वो छे सौ चरबी में से निकाल के जलाता. सात हजार सात सौ जला तो एक किलो गया."

काकांनी तिथंच मनातल्या मनात गणित मांडलं आणि डोळे मिटून म्हणाले, "महिन्याला सव्वादोन. साडेपाच महिने." ही भाषा त्यांची होती. माल किती आत आला, किती बाहेर गेला, उरला तो गोदामात. त्यांना वाटलं, एवढंच ना?

दुसऱ्या दिवसापासून काका पहाटे नारायणगुड्यापर्यंत चालत जाऊन परत यायला लागले. बनियन, गळ्यात टॉवेल. रस्त्यावरची कुत्री आधी भुंकली, मग मागे लागली, मग दमून बसली. घड्याळानं सांगितलं, या चालण्यात तीनशे कॅलरी जळाल्या. काकांना आनंद झाला. तीनशे ही त्यांची वरकड कमाई होती. म्हणून येताना कोपऱ्यावरच्या इराण्याकडे दोन उस्मानिया बिस्किटं आणि दुधाचा चहा. "आपल्याच घामाचं आहे," ते म्हणायचे.

दर सोमवारी ते पार्सल ऑफिसात जाऊन मोठ्या काट्यावर उभे राहायचे. घरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता, त्याच्याजवळ बिल्टी नव्हती. घड्याळ, चष्मा, कंबरपट्टा काढून ते कापडाच्या गठ्ठ्यांच्या मधे उभे राहायचे आणि जुने सहकारी विचारायचे, "कुठं पाठवायचं, काका? विजयवाडा की मनमाड?"

"जास्त बोलू नको. वाच."

"शहाण्णव."

पुढच्या सोमवारी शहाण्णव. महिन्यानंतर शहाण्णव. दोन महिन्यांनी शहाण्णव. काका त्या काट्यावरून उतरायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवायचा नाही. घरी काकू दारातच विचारायच्या, "किती?" आणि काका म्हणायचे, "काटा दुरुस्तीला टाकलाय."

शेवटी ते पुन्हा श्रावणीसमोर बसले. तिनं बिस्किटांचं ऐकलं, आणि आपला तो जुना गोल पुढे ओढला. "अंकल, ये बावीस सौ में आपका चलना पहलेसेच अंदर है. आप उसकू बाहर निकाल के फिर से गिन रे."

काका कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की बाहेरची नर्स आत आली. "सुधाकर, एका नगाची मी दोनदा बिल्टी फाडली! आयुष्यात केलं नाही ते केलं. आणि केलं तर कधी केलं!"

दोन महिने गेले होते. काकूंच्या हातावरच्या नसा तोवर दोरखंडासारख्या झाल्या होत्या.

बिस्किटं बंद झाली. चहा कोरा. सोळाशे म्हणजे सोळाशे. काका भात चमच्यानं मोजून घ्यायचे. फुलके चार, दोन दुपारी, दोन रात्री. फुलके काकू स्वतः करायच्या. डायलिसिसहून आल्यावर बाई भिंतीला धरून चालायची, तरी कणीक दुसऱ्या कुणाला मळू द्यायची नाही. "माझ्यासाठी उपाशी राहतायत. फुलका तरी माझ्या हातचा खाऊ द्या," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा मी समोरचा फुलका तसाच ठेवून उठलो. मी. जो तेराव्याच्या जेवणातही हात आखडता घेत नाही.

महिन्यानंतर काट्यावर पंच्याण्णव. त्यानंतर महिन्यानं चौऱ्याण्णव. मी म्हटलं, अभिनंदन. काका म्हणाले, "कसलं अभिनंदन? महिन्याला सव्वादोन उतरायला पाहिजे. एकच उतरतंय. निम्मा माल कुठंय?"

"वय झालं, काका. शरीर ऐकत नाही."

"शरीराला गणित कळतं. आत काहीतरी येतंय, ज्याची बिल्टी नाही." मग ते माझ्याजवळ झुकले. "छत्तीस वर्षांत गाडीत माल कमी झालेला पाहिला. साखर कमी, केळी कमी, एकदा अख्खी सायकल कमी. गाडीत माल वाढलेला मी पहिल्यांदा बघतोय."

आठ दिवसांनी त्यांनी मला वर बोलावलं. स्वयंपाकघरात ओट्यावर तुपाचा डबा होता, शेजारी छोटा काटा. काकू स्टुलावर बसल्या होत्या.

"सुधाकर, तू पंच. पेटी पंचासमोर उघडायची असते." काकांचा आवाज थट्टेचा होता. त्यांनी डबा काट्यावर ठेवला. "कुसुम, या घरात तूप तुला बंद, मला बंद. सोमवारी हा डबा आठशे चाळीस ग्रॅम होता. आज सहाशे. आठवड्यात दोनशे चाळीस ग्रॅम कुठं गेलं?"

"मांजर."

"आपल्याकडे मांजर येत नाही."

"उंदीर मग."

"झाकण घट्ट लावून जाणारा उंदीर?"

काकूंनी पदर सारखा केला. मग मान वर केली. "हौ. मीच घालते. कणकेत मोहन घालते. पहिल्या दिवसापासून, रोज. काय करता?"

मला एकदम आठवलं, काका पहिल्या महिन्यापासून सांगत होते की या वर्षी गहू फार चांगला आलाय, फुलके कसे मऊसूत होतायत.

"अगं पण कायको?" काका ओट्याला धरून उभे होते. "वेडी झालीस का? मी इथं एकेक ग्रॅम मोजतोय..."

"मोजा ना. मी काय मोजत नाही का? तुम्ही बाहेर बाकावर बसता. आत मी असते. आत काय काय बघते ते मी तुम्हाला सांगते का? त्या नलगोंड्याच्या माणसाला त्याच्या भावानं किडनी दिली, आज दोघं भाऊ समोरासमोरच्या पलंगावर पडलेत." त्यांना धाप लागली, पण थांबल्या नाहीत. "तुम्हाला चिरणार, मला जोडणार. आणि उद्या दोघंही पडलो तर कोण कुणाला पाणी देणार? एक तरी धडका राहू द्या की घरात."

"डॉक्टर म्हणतात, एका किडनीवर माणूस ठणठणीत राहतो."

"डॉक्टरच्या बायकोला विचारा."

मी पंच होतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. काका हळूच खाली फरशीवर बसले, एवढा मोठा माणूस, काकूंच्या स्टुलाशी. "कुसुम, तू गेलीस तर धडका राहून मी करू काय?"

काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. कढईवर झाकण ठेवावं तसा, सहज. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून कोरडे करते. घशात अडकले तर ओरडू नका."

त्यानंतरचे चार महिने मी काही वाढवून सांगणार नाही. काका चालायचे, सोळाशे खायचे, दर सोमवारी उतरायचे. ब्याण्णव. साडेएकोणनव्वद. मग वेग मंदावला. श्रावणी म्हणाली, "आदमी हलका हुआ तो जलता भी कम, अब पंद्रह सौ खाना." काकांनी मान हलवली. त्यांना पटलं. रिकाम्या गाडीला कोळसा कमी लागतो. सत्त्याऐंशी झालं. मल्लेशनं पेढे मागितले. काकू फुलके कोरडे करायच्या, इतके कोरडे की काका चावताना आवाज खालपर्यंत येतो असं मी म्हणायचो, आणि काकू हसायच्या. हसताना आता त्यांना भिंत लागायची.

शहाऐंशी झालं त्या सोमवारी काका पार्सल ऑफिसातून परस्पर डॉक्टरांकडे गेले. "दोन किलो राहिलेत. तारीख देऊन ठेवा. मी पोचतो." डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातल्या शस्त्रक्रियेबद्दल बोलायला सुरुवात केली.

गुरुवारी डायलिसिस संपताना काकूंना थंडी वाजून ताप भरला. रक्तात जंतू गेले होते. शुक्रवारी त्यांनी काकांना ओळखलं. शनिवारी ओळखलं नाही. रविवारी दुपारी गेल्या.

आत नेऊन दाखवलं तेव्हा काका त्यांच्याकडे फार वेळ बघत राहिले. मी शेजारी होतो. मला भीती वाटली, आता हे वजन सांगतील. त्यांनी काहीच सांगितलं नाही.

तेराव्या दिवशी परभणीहून काकूंचे थोरले भाऊ आले होते. सगळी जेवली, पानं उचलली गेली, आणि ते काकांना म्हणाले, "माणिकराव, विचारू नये, पण राहवत नाही. तुमचा गट जुळला होता. वर्ष होत आलं. ऑपरेशन का झालं नाही?"

खोलीत लेक होती, तिचे सासरचे होते, मी होतो. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत हमालांनी त्या नजरेला काय म्हटलं असेल कुणास ठाऊक. मला ती कळली.

"माझी चूक झाली," काका म्हणाले. "मला वजन उतरवायचं होतं. मी चालणं दोनदा धरलं. त्यात वेळ गेला."

"म्हणजे?"

"हिशेब चुकला माझा. बाकी काही नाही."

भावानं मान फिरवली. परभणीची गाडी पकडताना ते काकांशी बोलले नाहीत, आणि पुढेही कधी बोलले नाहीत. काकांनी ते निमूट घेतलं. काचीगुड्यातलं सगळ्यात मोठं तोंड माझं आहे, त्या तोंडानंही तुपाचं नाव काढलं नाही. गेल्या वर्षी काका बंगळुरूला लेकीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. मागच्या महिन्यात मी तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिहा, सुधाकरकाका. मामाला वाचून दाखवते."

मी काकांना हैदराबादेत शेवटचं पाहिलं ते हिमायतनगरच्या एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानात. काकूंना जाऊन चार महिने झाले होते आणि दुसऱ्या दिवशी काका बंगळुरूला निघायचे होते. या चार महिन्यांत ते चौऱ्याऐंशीच्या बरेच खाली गेले असावेत. पार्सल ऑफिसात मोजायला ते पुन्हा गेले नाहीत, त्यामुळे आकडा मला माहीत नाही. मी माझा कुडता आणायला गेलो होतो. काका काउंटरशी तीन पॅंट घेऊन उभे होते, चौथी अंगात होती आणि तिला नाडीसारखी दोरी बांधलेली.

मास्टर म्हातारे, तोंडात टाचण्या धरून बोलणारे. त्यांनी अंगातल्या पॅंटची कंबर चिमटीत धरून मागे ओढली. "चचा, सात इंच कम हो रा. मैं कपडा अंदर मोड के सी देतूं. काटता नहीं."

"काट देओ."

"अजी सुनो तो. चालीस साल से देख रा मैं. सब मर्दां ऐसेच आते, बोलते दुबले हो गए, काट दो. फिर घर की रोटी खाते, दो महीने में वापस. अंदर कपडा रहा तो खोल के बढा देतूं. हमारी चची कू पूछो, वो भी यहीच बोलेंगे."

मी दारातच थांबलो. आत जावं की न जावं कळेना.

काकांनी चष्मा काढला, बनियनच्या काठानं पुसला, परत घातला. "नको, मास्टर. पूरा काट देओ."

मास्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मोठी कात्री घेतली. कापड जुनं, चांगलं होतं, कात्रीला जरा जोर लागला. एकेका पॅंटमधून काळ्या कापडाचा लांबट तुकडा निघाला आणि फरशीवर पडला. शेवटचा पडल्यावर काका वाकले. आता त्यांना वाकता येत होतं. त्यांनी ते सगळे तुकडे एकेक करून गोळा केले, धुळीसकट मुठीत धरले आणि मास्टरना विचारलं,

"कचरा किधर डालते?"